चेंगदूच्या रस्त्यांची जोडणी आणि शहराचा पसारा कसा मोजायचा

चीनच्या शहर नियोजन आणि आराखडा अकादमीने २०१८ साली देशातल्या ३६ मोठ्या शहरांच्या रस्त्यांची घनता जाहीर केली. सरकारचं उद्दिष्ट होतं दर चौरस किलोमीटरला ८ किलोमीटर रस्ता. ते गाठणारी शहरं निघाली तीनच: शेन्झेन, शियामेन आणि चेंगदू. म्हणजे कागदावर सिचुआन प्रांताची ही राजधानी पास. पण शहराच्या दक्षिणेला, तियानफू या नव्या वसवलेल्या भागाच्या बाजूचा नकाशा उघडला की रुंद रस्त्यांनी आखलेले मोठमोठे चौकोन दिसतात. प्रत्येक चौकोनात वीस-तीस मजली इमारतींच्या रांगा, भोवती कंपाउंड वॉल आणि भिंतीला मोजकी फाटकं. समोर दिसणाऱ्या दुकानात जायचं तरी आधी फाटक गाठावं लागतं.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच शहराचा एकच सरासरी आकडा काढून थांबणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. शहर पट्ट्यापट्ट्याने मोजायचं, गाडीचं जाळं आणि पायी चालणाऱ्याचं जाळं वेगळं काढायचं, आणि भिंती कुठे आहेत ते शोधायचं. हे सगळं फुकट साधनांनी आणि घरबसल्या कसं करायचं ते पुढे देतो आहे. पायथॉन थोडंफार येत असेल तर काम झटपट होतं. येत नसेल तर क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही बहुतेक पायऱ्या होतात, वेळ तेवढा जास्त लागतो.

आधी कागदावरचं गणित

संगणक सुरू करण्यापूर्वी एक हिशेब मनात पक्का करा. समजा सगळे रस्ते काटकोनात आणि सारख्या अंतरावर आहेत. दोन रस्त्यांमधलं अंतर ५०० मीटर असेल तर एका चौरस किलोमीटरमध्ये ४ किलोमीटर रस्ता आणि ४ चौक बसतात. अंतर २५० मीटर केलं की रस्ता ८ किलोमीटर, चौक १६. अंतर १०० मीटर केलं की रस्ता २० किलोमीटर आणि चौक १००.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, रस्त्याची लांबी दुप्पट होते तेव्हा चौक चौपट होतात. त्यामुळे जोडणीतला फरक लांबीपेक्षा चौकांच्या संख्येत जास्त ठळक दिसतो. दोन, ८ किलोमीटरचं सरकारी उद्दिष्ट म्हणजे सरासरी अडीचशे मीटरचे चौकोन. पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने हे काही फार दाट जाळं नव्हे. पूर्वीच्या चारशे-पाचशे मीटरच्या सुपरब्लॉकपेक्षा, म्हणजे रुंद रस्त्यांमधल्या अवाढव्य चौकोनांपेक्षा बरं, इतकंच.

हे उद्दिष्ट आलं फेब्रुवारी २०१६ मध्ये, कम्युनिस्ट पक्षाची केंद्रीय समिती आणि स्टेट काउन्सिल, म्हणजे चीनचं मंत्रिमंडळ, यांनी मिळून काढलेल्या शहरविषयक धोरणातून. 'अरुंद रस्ते, दाट जाळं' ही त्यातली घोषणा. नव्या निवासी वसाहती यापुढे शक्यतो बंदिस्त बांधू नयेत आणि जुन्या हळूहळू खुल्या कराव्यात, असंही त्यात होतं. त्यावर लोक भडकले. आतल्या रस्त्यांचे पैसे आम्ही घराच्या किमतीत मोजले, ते सार्वजनिक कसे करता, हा त्यांचा सवाल होता. २०१८ च्या निवासी भागांच्या राष्ट्रीय मानकात रस्त्यांमधलं अंतर ३०० मीटरपेक्षा जास्त नसावं, १५० ते २५० मीटर असावं, असं आलं. भिंती मात्र बहुतेक ठिकाणी जिथल्या तिथे राहिल्या.

हद्द ठरवणं: सगळ्यात जास्त फसगत इथेच होते

'चेंगदू' म्हणजे नेमकं काय? प्रशासकीय हद्द १४,३३५ चौरस किलोमीटर आहे. त्यात भातशेती आली, डोंगर आले, स्वतंत्र गावं आली. एवढ्या क्षेत्राने भागून काढलेली कुठलीही घनता निरर्थक. लोकसंख्येचंही तेच. २०१० च्या जनगणनेत १ कोटी ४० लाख, २०२० मध्ये २ कोटी ९ लाख. वाढ प्रचंड दिसते, पण मध्ये २०१६ साली जिआनयांग हा भाग चेंगदूला जोडला गेला. माणसं कुठेही न हलता आकडा फुगला. चिनी शहरांच्या वाढीचे आलेख पाहताना 'हद्द कधी बदलली?' हा पहिला प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

म्हणून हद्द आपण स्वतः आखायची आणि सगळ्या वर्षांसाठी तीच ठेवायची. चेंगदूचं बरं आहे, शहरानेच पट्टे पाडून दिले आहेत. मध्यभागी तियानफू चौक, त्याभोवती पहिला रिंगरोड साधारण १९ किलोमीटरचा, दुसरा २८, तिसरा ५१, आणि त्याबाहेर ८५ किलोमीटरचा रिंग एक्स्प्रेसवे. त्याच्याही पलीकडे २२० किलोमीटरहून लांब दुसरा एक्स्प्रेसवे-रिंग आहे, तो आपल्या कामाला फार बाहेरचा. असे पट्टे पाडा:

१. पहिल्या रिंगरोडच्या आत
२. पहिला ते दुसरा
३. दुसरा ते तिसरा
४. तिसरा ते रिंग एक्स्प्रेसवे
५. एक्स्प्रेसवेच्या दक्षिणेचा तियानफूचा सलग बांधलेला भाग

क्यूजीआयएसमध्ये रिंगरोडच्या मध्यरेषा घेऊन त्यांचे बहुभुज बनवायला फार वेळ लागत नाही. दोन पथ्यं पाळा. रिंगरोडवरचे चौक कुठल्या पट्ट्यात धरायचे ते एकदाच ठरवा. मी आतल्या पट्ट्यात धरतो. दुसरं, क्षेत्रफळ मोजताना बांधलेली जमीनच धरा. रिंग एक्स्प्रेसवेच्या दोन्ही बाजूंना ५००-५०० मीटरचा हरित पट्टा राखलेला आहे, शिवाय शहरात घुसलेल्या हिरव्या पाचरी आहेत. ते क्षेत्र भाजकात राहिलं तर चौथा पट्टा उगाच विरळ दिसतो. हिरवाई राखल्याबद्दल शहराला नापास करण्यात काय अर्थ आहे?

नकाशाचा साठा आणि चीनमधली खास अडचण

रस्त्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा. जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून सगळा साठा उतरवता येतो, किंवा ओएसएमएनएक्स ही पायथॉनची लायब्ररी थेट हवा तेवढा तुकडा ओढून आणते. जेफ बोईंग या अभ्यासकाने ती तयार केली आणि रस्त्यांची जाळी मोजायला आज तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

चीनमध्ये परवानगीशिवाय सर्वेक्षण आणि नकाशे करण्यावर कायद्याने बंदी आहे. त्यामुळे ओपनस्ट्रीटमॅपवर मोठे रस्ते ठीकठाक असतात, पण सोसायट्यांच्या आतले रस्ते, पायवाटा आणि फाटकं यांची नोंद कुठे आहे, कुठे नाही. एखाद्या हौशी माणसाने उपग्रहचित्रावरून एक वसाहत बारकाईने काढलेली असते आणि शेजारची कोरी. कोरी जागा म्हणजे रस्ता नाही, असं समजू नका.

दुसरी गोष्ट सहनिर्देशांकांची, म्हणजे जागा दाखवणाऱ्या अक्षांश-रेखांशांची. चीनमधले देशी नकाशे कायद्यानुसार मुद्दाम सरकवलेली पद्धत वापरतात, जीसीजे-०२ नावाची. लोक तिला गमतीने 'मंगळाचे सहनिर्देशांक' म्हणतात. बायडू या चिनी कंपनीच्या नकाशांची बीडी-०९ पद्धत त्यावर आणखी एक सरक चढवते. ओपनस्ट्रीटमॅप मात्र जीपीएसच्या नेहमीच्या डब्ल्यूजीएस-८४ पद्धतीवर चालतं. मेट्रो स्थानकांची यादी चिनी ॲपवरून घेतली आणि रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून, तर स्थानक शेकडो मीटर बाजूला, एखाद्या इमारतीच्या छतावर जाऊन बसतं. रूपांतर करणाऱ्या छोट्या लायब्रऱ्या मिळतात. वापरल्यानंतर दहा-बारा ओळखीचे बिंदू उपग्रहचित्रावर टाकून खात्री करा. सरकारी तिआनदितू नकाशात ही सरक नसते, पडताळणीला तो उपयोगी पडतो.

प्रक्षेपणासाठी, म्हणजे गोल पृथ्वीवरची जागा सपाट नकाशावर मीटरमध्ये आणण्यासाठी, यूटीएम ४८ उत्तर हा पट्टा निवडा. सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४८. अंश-कलांमध्ये मोजत बसलात तर लांब्या-रुंद्या सगळ्या चुकतील.

जाळं ओढणं आणि साफ करणं

पट्ट्याच्या हद्दीबाहेर किमान एक किलोमीटर जास्तीचा भाग घेऊन जाळं ओढा, आकडे काढताना तो छाटा. नाहीतर हद्दीवर तुटलेला प्रत्येक रस्ता 'बंद गल्ली' म्हणून मोजला जातो.

दोन जाळी वेगवेगळी ओढा: 'ड्राइव्ह' आणि 'वॉक'. मग खरी साफसफाई. तियानफू मार्गासारख्या रुंद रस्त्यावर दोन दिशांच्या दोन रेषा असतात, बाजूचे सेवारस्ते वेगळे, सायकलची लेन वेगळी. असे दोन रस्ते जिथे छेदतात तिथे माणसाला एक चौक दिसतो, संगणकाला मात्र आठ-दहा नोड, म्हणजे रेषा मिळतात ते बिंदू. साफ न करता आकडे काढले तर सगळ्यात अवजड रस्त्यांचा भाग सगळ्यात 'दाट जोडलेला' ठरतो! शोधनिबंधांत आणि ब्लॉगांत असे उलटे निष्कर्ष मी पाहिले आहेत, आणि मूळ कारण बहुतेक वेळा हेच असतं.

यासाठी ओएसएमएनएक्समध्ये चौक एकत्र करणारं फंक्शन आहे, 'कन्सॉलिडेट इंटरसेक्शन्स'. त्यात सहिष्णुतेचं अंतर मीटरमध्ये द्यायचं. प्रत्येक नोडभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढून एकमेकांवर येणारी वर्तुळं एकत्र केली जातात. म्हणजे १५ दिलं तर ३० मीटरच्या आतले दोन नोड एक होतात. हे लक्षात न घेता ५० टाकणारे बरेच असतात.

कितीचं अंतर द्यायचं, याचं एक उत्तर नाही. दक्षिणेकडच्या रुंद चौकांना २५ ते ३० लागतं. तेच जुन्या शहरात दिलं तर जवळजवळचे खरे तिठे गिळले जातात. मी सगळीकडे आधी १० आणि मग २५ लावून दोन्ही आकडे शेजारी ठेवतो. पट्ट्यांचा क्रम दोन्हींत तोच राहिला तर निष्कर्षावर भरवसा ठेवायला हरकत नाही. क्रम बदलला तर साफसफाई अपुरी आहे.

या फंक्शनची आणखी एक खोड. वेगळं सांगितलं नाही तर ते बंद टोकं गाळून टाकतं. म्हणून बंद गल्ल्यांचा आकडा एकत्रीकरणाच्या आधी काढून ठेवायचा.

'वॉक' जाळ्यात उलटी अडचण. नव्या रस्त्यांच्या दोन्ही फुटपाथांच्या रेषा वेगळ्या काढलेल्या असल्या तर एका रस्त्याचे तीन होतात आणि घनता फुगते. फुटपाथ म्हणून नोंदवलेल्या रेषा घनता मोजताना काढून टाका, पण अंतर मोजताना ठेवा.

कोणते आकडे काढायचे

आकड्यांची यादी हवी तेवढी लांबवता येते. माझ्या मते चार पुरतात.

दर चौरस किलोमीटरला चौक, एकत्रीकरणानंतरचे. दोन चौकांमधलं सरासरी अंतर, आणि त्याबरोबर मध्यक, कारण एक्स्प्रेसवेचे लांब तुकडे सरासरी बिघडवतात. तिठे, चौरस्ते आणि बंद टोकं यांचं प्रमाण. आणि वळसा: कुठल्याही दोन ठिकाणांमधलं रस्त्याने अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर.

वळशाला मापदंड म्हणून एक आकडा लक्षात ठेवा. दाट काटकोनी जाळ्यात सगळ्या दिशांची सरासरी धरली तर वळसा १.२७ येतो. त्याच्या आसपास आलात तर जाळं उत्तम. ५०० मीटरच्या छोट्या फेऱ्यांवर वळसा वेगळा मोजा. लांब फेऱ्यांवर सुपरब्लॉकसुद्धा सभ्य दिसतो, कारण मोठे रस्ते सरळ असतात. त्रास होतो तो कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना.

दिशांचा गुलाबआलेखही काढून पाहा, म्हणजे कोणत्या दिशेला किती रस्ते जातात ते दाखवणारा गोल आलेख. निष्कर्षाला त्याची गरज नाही, पण चेंगदूत तो फार बोलका येतो. या शहरात तीन वेगवेगळ्या आखण्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. जुनं मोठं शहर उत्तर-दक्षिण रेषेपासून जवळपास ३० अंश कललेलं, त्याच्या मधोमध राजवाड्याचा भाग बरोबर उत्तर-दक्षिण, आणि पश्चिमेला छिंग काळातलं मांचू सैनिकांचं उपनगर, ज्यात एका मधल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी माशाच्या काट्यांसारख्या गल्ल्या फुटतात. त्याच गल्ल्यांपैकी उरलेला तुकडा म्हणजे कुआन-झाई, २००८ मध्ये डागडुजी करून खुला केलेला आणि आता पर्यटकांनी भरलेला. पहिल्या पट्ट्याच्या आलेखात ही सगळी गुंतागुंत पसरलेली दिसते. पाचव्या पट्ट्यात मुख्यतः दोनच दिशा उरतात.

आलेख शिस्तशीर आला म्हणजे जोडणी चांगली, असं मात्र नाही. सरळ आणि दाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भिंत मोजायची कशी

चीनमधला पसारा अमेरिकेसारखा बंगल्यांचा नाही. लोकसंख्या दाट, इमारती उंच, तरी जमीन भराभरा व्यापली जाते आणि जाळं विरळ राहतं. कारण व्यवहारात आहे. १९९४ च्या करसुधारणेनंतर महसुलाचा मोठा वाटा केंद्राकडे गेला आणि स्थानिक सरकारं जमिनीचे वापरहक्क विकून पैसा उभा करू लागली. मोठा रस्ता पालिकेने बांधायचा, मधला सगळा चौकोन एका विकासकाला द्यायचा, आतलं त्याने पाहायचं. जितका मोठा चौकोन तितके पालिकेला बांधायचे रस्ते कमी. त्याआधी कारखान्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या बंदिस्त वसाहती होत्याच. भिंतीत राहणं लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. वर प्रत्येक घराला ऊन मिळालं पाहिजे असे नियम, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड करून इमारतींच्या समांतर रांगा. या सगळ्याचं उत्तर सुपरब्लॉक हेच आलं.

म्हणून जाळ्यावर अंतरांचा हिशेब तीन वेळा चालवा.

पहिल्यांदा सगळं खुलं धरून. आतला प्रत्येक रस्ता, प्रत्येक पायवाट कुणालाही वापरता येते असं समजा. दुसऱ्यांदा रहिवाशाच्या नजरेने: स्वतःच्या सोसायटीच्या आतून जाता येतं, पण बाहेर पडायचं ते फाटकातूनच, आणि शेजारच्या सोसायटीतून जाता येत नाही. तिसऱ्यांदा परक्याच्या नजरेने: सोसायट्यांच्या आतले सगळे रस्ते काढून टाका.

पहिल्या आणि तिसऱ्या धावेतल्या चालण्याच्या अंतरांचा फरक म्हणजे भिंतीची किंमत. ती मीटरमध्ये मिळते, पट्ट्यागणिक मिळते, आणि कुणालाही समजते. २०२० च्या फेब्रुवारीत साथीमुळे देशभर वसाहती बंद केल्या गेल्या, अनेक ठिकाणी एकच फाटक चालू ठेवलं होतं. हौस असेल तर तशी चौथी धावही काढता येते.

फाटकांची माहिती आणायची कुठून? ओपनस्ट्रीटमॅपवर 'गेट' म्हणून काही नोंदी असतात, त्या पुरत नाहीत. काम असं करा. निवासी जमिनीचे बहुभुज घ्या, त्यांची कड म्हणजे भिंत समजा. आतल्या रस्त्यांच्या रेषा ती कड जिथे छेदतात ते सगळे संभाव्य फाटकांचे बिंदू. संगणकाने काढलेले हे बिंदू मग एकेक करून पाहायचे. मुख्य भूमीवर गूगलची स्ट्रीट व्ह्यू सोय नाही. बायडूच्या रस्तादृश्यांत मात्र फाटक, सुरक्षारक्षकाची चौकी, गाड्यांचा आडवा दांडा, शेजारचं छोटं पादचारी दार हे सगळं दिसतं. चित्र कोणत्या वर्षीचं आहे तेही पाहा. सगळं शहर असं तपासणं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. प्रत्येक पट्ट्यातून यदृच्छेने वीस-पंचवीस वसाहती निवडा आणि तेवढ्याच नीट करा. निवड स्वतःच्या आवडीने करू नका, हात आपोआप नाट्यमय उदाहरणांकडे वळतो.

आता हेच मेट्रो स्थानकांवर लावा. चेंगदूची पहिली मेट्रो मार्गिका २०१० साली सुरू झाली, शेंगशियान तलावापासून सेंच्युरी सिटीपर्यंत, आणि नंतर आणखी दक्षिणेला गेली. ही एकच मार्गिका जुन्या शहरातून नव्या शहरात जाते, तुलनेला याहून सोयीचं काय हवं! जुन्या भागातलं लुओमाशी आणि दक्षिणेचं हुआफू दाताओ ही दोन स्थानकं घ्या. प्रत्येकापासून ८०० मीटर, म्हणजे साधारण दहा मिनिटं, चालून कुठवर पोचता येतं ते काढा. मोजायला सुरुवात स्थानकाच्या मध्यबिंदूपासून नको, प्रत्यक्ष दारांपासून करा. रुंद रस्त्याच्या पलीकडे दार आहे की नाही, यावर सगळं अवलंबून असतं.

८०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ २.०१ चौरस किलोमीटर. दाट काटकोनी जाळ्यात चालून पोचता येणारा भाग १.२८, म्हणजे ६४ टक्के. हा तुमचा मापदंड. पोचता येणारा भाग काढताना सगळ्या टोकांना जोडून मोठा बहुभुज करू नका, त्यात न पोचता येणारे चौकोनही आपसूक मोजले जातात. चालता येणाऱ्या रेषांच्या दोन्ही बाजूंना २५ मीटरची पट्टी काढा आणि तेवढंच क्षेत्र धरा. अशा पट्टीने टक्केवारी खालीच येते, कारण रस्त्यांमधली जागा सुटते. त्यामुळे ६४ शी तुलना करायची तर मापदंडाच्या काल्पनिक जाळ्यालाही तीच पट्टी लावून घ्या.

पसाऱ्याचा हिशेब

आता काळ आणायचा. पहिली सूचना: ओपनस्ट्रीटमॅपचा इतिहास म्हणजे शहराचा इतिहास नव्हे. २०१५ मध्ये नोंदवलेली गल्ली शंभर वर्षं जुनी असू शकते.

बांधलेल्या जमिनीसाठी दोन साठे चांगले आहेत. युरोपियन आयोगाच्या संशोधन केंद्राचा जीएचएसएल हा जगभरच्या वस्त्यांचा साठा: १९७५ पासून दर पाच वर्षांनी, १०० मीटरच्या चौकटीत, सोबत लोकसंख्याही. त्यातली २०२५ आणि २०३० ची पानं अंदाजाची आहेत, मोजलेली नाहीत. ती वापरू नका. दुसरा जर्मन अवकाश केंद्राचा वर्ल्ड सेटलमेंट फूटप्रिंटचा उत्क्रांती-साठा: १९८५ ते २०१५, दरवर्षी, ३० मीटरचा. बारकावा हवा तर हा, अलीकडचं हवं तर पहिला.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत ११.३.१ हा निर्देशांक आहे: जमीन व्यापण्याचा वेग भागिले लोकसंख्यावाढीचा वेग. एका काल्पनिक पट्ट्यावर करून पाहू. दहा वर्षांत बांधलेली जमीन ३०० वरून ४५० चौरस किलोमीटर झाली. वाढ १५०, भागिले मूळ ३००, भागिले १० वर्षं: ०.०५. लोकसंख्या ६० लाखांवरून ७५ लाख. ७५ भागिले ६० याचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.२२३, भागिले १०: ०.०२२३. गुणोत्तर २.२४. म्हणजे माणसांच्या सव्वादोन पट वेगाने जमीन गेली. एकाच्या वर आकडा गेला की पसारा, असं ढोबळमानाने समजतात.

ढोबळच, कारण हा आकडा नव्या जमिनीचा आकार सांगत नाही. त्यासाठी नवे तुकडे तीन प्रकारांत वाटा. नव्या तुकड्याची निम्म्याहून जास्त कड जुन्या बांधकामाला लागून असेल तर ती पोकळी भरणं. काही भाग लागून असेल तर काठाने वाढ. अजिबात लागून नसेल तर उडी. चेंगदूत तिसऱ्या प्रकाराकडे नीट पाहा. शहर दीर्घकाळ लाँगछुआन डोंगररांगेच्या पश्चिमेच्या सपाटीवर वाढत होतं. २०१४ साली तियानफूला राष्ट्रीय दर्जाचं नवं क्षेत्र म्हणून मंजुरी मिळाली, १,५७८ चौरस किलोमीटरचं. २०१७ पासून डोंगर ओलांडून पूर्वेकडे जायचं धोरण आलं आणि २०२१ मध्ये शहराच्या केंद्रापासून सुमारे ५० किलोमीटरवर तियानफू आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. नकाशावर ही उडी शोधायला गणित लागत नाही, पण तिथले रस्ते आताच कोणत्या अंतरावर आखले जात आहेत ते मोजण्यासारखं आहे. एकदा आखलेला चौकोन पन्नास-साठ वर्षं हलत नाही.

शेवटी दोन्ही धागे जोडा. प्रत्येक चौकाखाली वर्ल्ड सेटलमेंट फूटप्रिंटचं वर्ष वाचा. नेमक्या रस्त्याच्या जागेवरचं वर्ष कधी कधी चुकतं, म्हणून भोवतालच्या १०० मीटरमधलं सगळ्यात जास्त वेळा आलेलं वर्ष घ्या. आता चौक रिंगरोडनुसार आणि बांधणीच्या दशकानुसार असे दोन्ही प्रकारे वाटता येतात. ही युक्ती जुनी आहे. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल यांनी जगभरच्या रस्त्यांची तुटलेपणाची मोजणी अशाच तऱ्हेने काळाशी जोडली.

यात एक खाच आहे. जुन्या शहरात १९८५ चा शिक्का बसलेल्या जागेवरच्या गल्ल्या नंतर पाडून नव्याने बांधलेल्या असू शकतात. फू आणि नान नद्यांच्या काठची दाटीवाटीची वस्ती १९९० च्या दशकात हटवून तिथे बागा आणि रस्ते केले गेले. साठ्याच्या दृष्टीने ती जमीन 'आधीपासून बांधलेली'. त्यामुळे पहिल्या दोन पट्ट्यांत दशकानुसार तुलना करायच्या फंदात पडू नका. तिसऱ्या रिंगरोडच्या बाहेर ती बऱ्यापैकी चालते.

एक फाटक उघडून पाहा

मोजणी झाली की तिचा सगळ्यात उपयोगी वापर राहतो, आणि बहुतेक जण तिथवर जात नाहीत. हुआफू दाताओच्या दहा मिनिटांच्या नकाशात ज्या वसाहती निवडल्या, त्यांतल्या एकीच्या आतल्या रस्त्याचं मागचं टोक फाइलमध्ये बाहेरच्या रस्त्याला जोडा. भिंत तशीच राहू द्या, फक्त मागच्या बाजूला एक पादचारी दार धरा. धाव पुन्हा काढा. स्थानकापासून ८०० मीटरच्या आत आणखी किती इमारती आल्या ते लिहून ठेवा. मग ते दार बंद करून दुसऱ्या वसाहतीचं उघडा.

अशी सगळी संभाव्य दारं एकेक करून चालवली की फायद्याच्या उतरत्या क्रमाने यादी तयार होते. अनेक दारांनी काहीच फरक पडणार नाही, कारण ती आधीच चांगल्या रस्त्यालगत असतात. यादीच्या वरच्या टोकाची दारं पुन्हा बायडूच्या चित्रांत शोधा. कधी तिथे आधीच कुलूप लावलेलं दार सापडतं, कधी पलीकडे शाळेची किंवा दवाखान्याची भिंत असते आणि दार काढूनही उपयोग नसतो. ती यादीतून वगळा. उरलेल्यांच्या पुढे वसाहतीचा आकार, फाटकांची सध्याची संख्या आणि वाचणारे मीटर असे तीन रकाने घाला.